ताश्तानचा उजवा हात

ताश्तानचा उजवा हात लुळा पडला आणि बुरुल लग्नानंतर पहिल्यांदा बिनघोर झोपायला लागली. हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. गावाच्या लेखी तिच्यावर आभाळ कोसळलं होतं. बायका यायच्या, तिच्या गळ्यात पडून रडायच्या, आणि बुरुलही चार आसवं गाळून त्यांना चहा पाजायची.

वसंतात, नौरूझच्या सणाला, उलाकच्या खेळात तो पडला. मुंडकं छाटलेल्या बोकडाचं धड घोड्यावरून दुसऱ्याच्या हातून हिसकून न्यायचं, या खेळात कारा-बुलुन गावात त्याच्यासारखा गडी नव्हता. धड मांडीखाली दाबून, त्याची तंगडी उजव्या मुठीत आवळून तो गर्दीतून निसटला, आणि बाजूनं कुणाचा तरी घोडा येऊन आदळला. ताश्तान खाली, त्याचा घोडा त्याच्यावर. खांदा मोडला. मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. नारीनच्या दवाखान्यात हाड जुळवून दिलं. नसांचं काय, असं विचारल्यावर डॉक्टरांनी नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं.

त्या हातानं बुरुलचे दोन दात पाडले होते. एकदा बरगडी मोडली होती. ती बरगडी तिची तिनंच बांधली, कारण गावात बरगड्या बांधणारी तीच होती. बुरुल गावची फेल्डशर. सुई, टाके, बाळंतपण, तुटलेलं-फुटलेलं सगळं तिच्याकडे. सरकारी दवाखान्याचं छप्पर बर्फानं बसल्यापासून तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालायचा. त्यामुळे मार खायची खोली आणि मलमपट्टीची खोली यांत एका भिंतीचं अंतर होतं.

हात गेल्यावर ताश्ताननं डाव्यानं मारून पाहिलं. पण डाव्याला नेम नव्हता. किटली भिंतीवर जायची आणि शिवी तेवढी बुरुलला लागायची.

कुरणातून कळप खाली उतरायच्या सुमाराला जिल्ह्याहून एक पेटी आली. काळी, जाड पट्ट्याची, खांद्याला अडकवून न्यायची. आत एक पडदा, त्याला कॅमेरा, आणि हाताला गुंडाळायचे लवचीक पट्टे. पट्ट्यांत बटणांएवढी मोजमापं बसवलेली. किर्गिझ राजधानीत, बिश्केकमध्ये, एर्निस नावाचा व्यायामतज्ज्ञ बसायचा. तो पडद्यावर यायचा, हात कसा उचलायचा ते सांगायचा, आणि इथं हात किती उचलला जातो ते त्याला तिथं दिसायचं. पडद्यावर एक रेष होती. हात त्या उंचीला पोहोचला की रेष हिरवी व्हायची.

"बुरुल एजे, कॅमेरा जरा खाली घ्या," एर्निस रोज सांगायचा. एजे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "चेहरा नको. मला खांदा दिसू दे."

मग बुरुल कॅमेरा खाली करायची. खांदा, दंड, कोपर, मनगट. तो हात असा एकटा पडद्यावर बघितला की कुणाचाही वाटायचा.

कामात खोट ठेवणं तिच्या अंगात नव्हतं. ती ताश्तानच्या मागे उभी राहून त्याचं कोपर तळव्यावर पेलायची, हळूहळू वर न्यायची, आणि एका जागी स्वतःचा हात काढून घ्यायची. आधी तो हात गोणीसारखा खाली पडायचा. मग क्षणभर थांबायला लागला. मग थरथरत का होईना, थोडा वर सरकायला लागला. रेष हिरवी झाली की बुरुलला आतून आनंद व्हायचा. फेल्डशरचा आनंद. आणि मग ती रेष आपल्या नाकाच्याच उंचीला आहे हे तिच्या ध्यानात यायचं आणि त्या आनंदाची तिला लाज वाटायची.

"शाब्बास, ताश्तान बाइके!" एर्निस पडद्यातून, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, ओरडायचा. "याक उचलून दाखवाल आता!"

"याक कशाला, तुलाच उचलतो. ये इकडं," ताश्तान म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात बुरुलच्या हातून चहा सांडला. ताश्तानच्या मांडीवर चार थेंब उडाले. तो उठला आणि तिला काही कळायच्या आत तिच्या तोंडावर फाडकन बसली. ओठ दातावर फाटला. जिभेला रक्ताची चव आली.

बुरुल गाल धरून उभी राहिली आणि ताश्तान स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. उजवा हात. तो त्यानं उचलला नव्हता, तो आपोआप उठला होता.

"बुरुल," तो म्हणाला. आवाज चिरकला. "बुरुल, बघितलंस? हात आला!"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं तिला मिठी मारली, तिच्या रक्ताळलेल्या ओठाचा मुका घेतला, आणि ओरडत ओरडत आतल्या खोलीत गेला. "आपा! आपा, ऊठ! हात आला माझा!"

सासू, सेयिल आपा, भिंतीला धरत बाहेर आली. लेकाचा हात हातात घेऊन तिनं तो डोळ्यांना लावला. मग कढई चढवली. तेलाचा वास सुटला की घरातले मेलेले तृप्त होतात आणि आशीर्वाद देतात, म्हणून तिनं बोर्सोकांची, कणकेच्या फुगऱ्या तुकड्यांची, रास तळली आणि सगळ्या गल्लीला बोलावलं. माणसं आली, ताश्तानचा हात दाबून बघून गेली, बोटं अजून वळत नाहीत म्हणून हळहळली, पण खांदा आला म्हणजे मूठही येईल म्हणाली. बुरुल सुजलेल्या ओठानं सगळ्यांना चहा देत होती.

"सुनेचे उपकार आहेत," शेजारचा असान म्हणाला. "हात तिनं आणला."

"तिनंच," सेयिल आपा म्हणाली. "माझी सून सोनं आहे."

असान बुरुलच्या ओठाकडे बघत होता. मग त्यानं नजर बोर्सोकांकडे वळवली आणि एक उचलून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एर्निसला कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. हात आपोआप उठला म्हणजे नस जागी झाली, तो म्हणाला. नेमकं कशासाठी उठला हे त्यानं विचारलं नाही. कॅमेरा खांद्यावरच होता.

"आता महिनाभर खांदा पक्का करू, आणि मग मूठ," तो म्हणाला. "एजे, तुमची दोन बोटं त्यांच्या तळव्यात द्यायची आणि बाइकेंनी ती आवळायची. जितकी जोरात आवळतील तितकं चांगलं. तेवढं झालं की काम फत्ते."

बुरुलला त्या खोलीत, त्या शेगडीशेजारी, थंडी वाजायला लागली. थापड सोसता येते. मूठ कशी असते ते तिची बरगडी सांगत होती.

पेटी खांद्याला अडकवून ती सबिराकडे गेली. सबिराला बाळंतपणात झटका आला होता आणि अंगाची एक बाजू गेली होती. पोरगं सासूच्या मांडीवर वाढत होतं, आणि सबिरा खाटेवर पडून त्याच्याकडे बघत असे. पेटी आल्यापासून ती उठून बसायला लागली होती. त्या दिवशी तिनं पोराला दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवलं. घामानं भिजली, पण सोडलं नाही.

"ओठाला काय झालं, एजे?"

"यंत्र लागलं."

"लय जोरात लागलेलं दिसतंय," सबिरा म्हणाली. ती हसली नाही. "त्याची मूठ वळत नाही ना अजून?"

"नाही."

"मग वळवू नका."

"एवढं सोपं आहे का?" बुरुल पट्टे सोडत म्हणाली. "एर्निसनं वर कळवलं की मी सोडून दिलं, तर पेटी जाईल. बिश्केकहून एक बाई येतेय. आम्हा फेल्डशर लोकांना हे यंत्र कितपत मानवलंय ते मोजणार आहे. जिथं नको म्हणतील तिथली पेटी उचलून दुसरीकडं देणार. मग तुझं काय?"

सबिरा पोराच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. तो आजारी हात होता, आणि तो फिरत होता.

बाई येणार हे ताश्तानलाही कळलं होतं. "पाचपैकी पाच द्यायचे," त्यानं बजावलं. "एकही कमी पडला तर बघ. मला मूठ पाहिजे. वसंतात मी घोड्यावर बसणार आहे."

बाई आली ती जाडजूड शहरी कोटात, गोठलेल्या पापण्यांनी. मीरिम तिचं नाव. तिशीची, बोलायला गोड. बूट काढता काढताच तिनं बुरुलला सांगून टाकलं, "एजे, माझं काम अगदी छोटंसं आहे. मी एक वाक्य वाचणार, तुम्ही एक ते पाच आकडा सांगायचा. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटलं. फक्त खरं सांगा. सगळीकडं पाचच येताहेत हो! सगळ्या खोऱ्यात एकही चार नाही. साहेब म्हणतात, मी घरी बसून आकडे भरते."

"तू कधी विचारतेस?"

"जेवण झाल्यावर. आधी कोण विचारू देतंय?"

बुरुलला हसू आलं. "पाहुण्यानं नान मोडला की त्याच्या तोंडावर नको म्हणायचं नसतं. तू पण किर्गिझच ना गं? आई-बापानं एवढं शिकवलं नाही?"

मीरिमचा चेहरा पडला. तिनं हातातल्या कागदांकडे असं बघितलं की बुरुलला तिची दया आली. एवढ्या थंडीत एवढी खोरी तुडवून पोरीनं नुसता पाहुणचार मोजला होता.

"मला जेवायच्या आधी विचार," बुरुल म्हणाली.

पण तेवढ्यात अंगणातून ताश्तानची हाक आली. त्यानं मेंढा ओढून आणला होता. पडल्यापासून त्याच्या दारातलं प्रत्येक जनावर असान कापत होता, आणि ताश्तान बाजूला उभा राहून लगाम चघळल्यासारखा जबडा हलवत असायचा. डाव्या हातानं सुरी चालवणं रीतीत बसत नाही. आज त्यानं असानला बोलावलं नव्हतं.

"पाहुणीला बघू दे," तो म्हणाला. "कागदावर लिही, पोरी. तुझ्या यंत्रानं काय केलंय ते."

बोटं वळत नव्हती, म्हणून त्यानं सुरीची मूठ तळव्यावर ठेवून वरून पट्टा गुंडाळला होता. पेटीतलाच, मोजमापाचा. गाठ दातांनी मारलेली.

"ताश्तान, तो पट्टा ताणतो," बुरुल म्हणाली. "सुरी फिरेल. असानला हाक मार."

"तू तुझी किटली बघ."

त्यानं मेंढ्याला आडवा पाडला, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं, पाय डाव्या हातानं आणि दातांनी दोरीत कसेबसे आवळले. गुडघा त्याच्या बरगड्यांवर रोवला. तळवे पसरून दुआ म्हणताना एका तळव्यावर सुरी लकाकत होती. मग त्यानं हात फिरवला. खांदा छान फिरला, एर्निसनं बघितला असता तर नाचला असता. पण लोकर जाड होती, आणि सुरी पट्ट्याखाली आडवी वळली.

अर्धवट चिरलेल्या गळ्यातून रक्ताची चिळकांडी ताश्तानच्या तोंडावर उडाली. मेंढ्यानं अंग झाडलं. पायांची दोरी सुटली. तो उठला आणि मान एका बाजूला टाकून अंगणभर धावत सुटला. बर्फावर लाल रेघोट्या उठल्या. गळ्यातून नुसती घरघर येत होती, ओरडायला तिथं काही उरलं नव्हतं. ताश्तान त्याच्यामागे धावला, घसरून आपटला, पुन्हा उठला, पुन्हा सुरी हाणली. ती खांद्यात लागली. मीरिम दारात तोंड दाबून उभी होती. सेयिल आपा अल्लाचं नाव घेत खाली बसली. कुंपणापलीकडं असानची बायको, तिच्यामागे आणखी दोघी. सगळं गाव बघत होतं.

बुरुलला ते बघवेना. तिनं स्वयंपाकाची सुरी घेतली, धावत जाऊन मेंढ्याला भिंतीशी गाठला, दोन्ही गुडघ्यांत दाबला, हनुवटी वर ओढली आणि एका फटक्यात मान मोकळी केली. मेंढा शांत झाला. ती त्याच्या अंगावर तशीच टेकून दम खात राहिली.

बाईच्या हातचं कापलेलं. ते मांस आता गावातला एकही म्हातारा तोंडात घालणार नव्हता.

कुंपणापलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

ताश्तान आला. त्याच्या दाढीवरून रक्त ठिबकत होतं. त्याचा उजवा हात उठला, खांद्यापासून, सरळ, पडद्यावरच्या त्या रेषेच्याही वर. बुरुलनं सवयीनं डावा हात आडवा धरला. हाताला बांधलेली सुरी तिच्या कोपराखाली घुसली आणि मनगटाकडे फाडत गेली.

आधी काही दुखलं नाही. बाही उघडली, मग कातडी उघडली, मग आतलं पांढरं दिसलं, आणि मग ते भरून आलं. मीरिम किंचाळली. ताश्तान स्वतःच्या तळव्याकडे बघत होता. सुरी बांधलेली आहे हे त्याच्या खरंच ध्यानात नव्हतं.

बुरुल उठली, चालत दवाखान्याच्या खोलीत गेली आणि मीरिमला आत घेऊन कडी लावली.

"हात धू," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. आता इथं दाब. सोडू नकोस."

"एजे, गाडी आणते... नारीनला..."

"तू आल्यावर घाट बंद झालाय. दाब म्हटलं ना."

तिनं भुलीचं इंजेक्शन स्वतःच टोचलं, सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका घातला. बोटं हलवून पाहिली. पाचही हलत होती. स्नायू वाचला होता. मग मात्र तिला भीती वाटली. एवढी वर्षं तिनं त्याच्या हातचं सगळं बांधलं होतं, शिवलं होतं, पावडर लावून झाकलं होतं. आणि हा हात तर तिनंच उभा केला होता, रोज, तळव्यावर पेलून.

"विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तुझे प्रश्न. अजून नान मोडला नाहीये. विचार."

"आत्ता?" मीरिमच्या हनुवटीवरून आसवं ठिबकत होती.

"आत्ताच. दोरा धर, ओढ, आणि विचार."

मीरिमला ती वाक्यं पाठ होती. तिनं सुरुवात केली. "हे यंत्र वापरायला मला सोपं जातं."

"पाच."

"यामुळं माझ्या रुग्णांना फायदा झाला."

"पाच. सबिराला पोर मांडीवर घेता येतं. पाचच लिही. दोरा ढिला सोडू नकोस."

"लांब बसलेल्या तज्ज्ञाला रुग्णाची परिस्थिती नीट कळते."

बुरुलनं टाका ओढला. "एक."

मीरिमनं वर बघितलं.

"त्याला खांदा दिसतो. खांदा बरा आहे. एक लिही."

"हे यंत्र..." मीरिमला हुंदका आवरेना. "हे यंत्र पुढंही वापरायची माझी तयारी आहे."

बुरुलनं दोऱ्याचं टोक कापलं. हात दिव्याशी धरून टाके तपासले. ओबडधोबड होते, पण धरले होते.

"सबिरासाठी पाच," ती म्हणाली. "आणखी कुणाचं हाड मोडलं, कुणाला झटका आला, त्यांच्यासाठीही पाच. ताश्तानसाठी एक."

"एकच आकडा लिहायचा असतो, एजे."

"मग वाक्यानं लिही. हात बरा होत होता आणि फेल्डशरनं सोडून दिला. माझं नाव घाल. आणि एवढं लिहिलंस म्हणून पेटी उचलून नेलीत, तर तुझ्या साहेबाला म्हणावं, सबिराच्या दारात येऊन स्वतःच्या हातानं ने."

मीरिमनं उभ्या उभ्या सगळं लिहिलं. कागदाला रक्ताचा अंगठा लागला, तिनं तो पुसला नाही.

बुरुलनं पेटीत पडदा ठेवला, उरलेले पट्टे ठेवले, औषधांची पिशवी भरली. उजव्या खांद्याला दोन्ही अडकवलं आणि कडी काढली.

दारात ताश्तान उभा होता. तोंड धुतलेलं, सुरी सोडलेली, मनगटावर पट्ट्याचा वळ.

"फार लागलं का गं?" तो म्हणाला. खरंच काळजीनं म्हणाला. "सुरी आहे हे ध्यानातच नव्हतं."

"मारायचं तेवढं ध्यानात होतं."

"अगं, सगळ्या गावासमोर बायको सुरी चालवते, मग पुरुषानं काय करायचं?" मग त्याची नजर पेटीवर गेली. "हे कुठं नेतेस? पाच लिहिलेत ना? मूठ राहिलीय माझी."

"तुझी मूठ होणार नाही, ताश्तान. मी करणार नाही. दवाखाना आजपासून सबिराकडं."

त्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं झेप घेऊन पेटीचा पट्टा धरला. उजव्या हातानं. इतक्या दिवसांच्या कौतुकानं त्याला आता तोच हात आधी आठवायचा. तो पट्ट्यावर बरोबर पोहोचला, बोटं वर पडली आणि तशीच पडून राहिली. बुरुल पुढे निघाली आणि पट्टा त्यांच्याखालून अलगद सरकून गेला.

तो पुन्हा पुढे आला नाही. मीरिम कोट न घालताच त्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती, आणि कुंपणाशी आता असानही होता, आणि या वेळी तो नजर वळवत नव्हता. ताश्तान नुसता आपली उघडी बोटं डाव्या हातानं मिटायला बघत होता. मिटली की ती पुन्हा उघडत होती.

अंगणात सेयिल आपा कुणी खाणार नाही त्या मेंढ्याशेजारी बसली होती. बुरुल पेटी घेऊन फाटकाशी पोहोचली तशी म्हातारी उठून अंगावर धावली.

"अगं कैदाशिणी! माझ्या लेकाचा हात घेऊन चाललीस!"

बुरुल थांबली. टाके ठणकत होते, भूल उतरायला लागली होती.

"हो, आपा," ती म्हणाली. "मीच आणला होता."